"नवं जमत नसेल तर धंदा बदला" म्हणणाऱ्यांना सांगलीतून उत्तर

विश्रामबाग_टायटल
काल या फोरमवर एका पुणेकर प्रशिक्षकांनी आफ्टर इफेक्ट्सबद्दल (व्हिडिओतली हलती टायटलं करायचं सॉफ्टवेअर; सीएस ६ ही त्याची जुनी आवृत्ती) लिहिलं: "आफ्टर इफेक्ट्सचं इंजिन २०१५ लाच नव्यानं बांधलं, तरी सांगली-साताऱ्याकडचे स्टुडिओ अजून सीएस ६ ला चिकटून. निव्वळ शिकण्याचा आळस. नवं जमत नसेल तर धंदा बदला."

साहेब, तुळशीचं लग्न झालं की आमचा मोसम लागतो. आळस करायला फुरसत कुणाला आहे? २०१५ ला काय झालं ते पूर्ण सांगा ना. रेंडरचं, म्हणजे एकेक फ्रेम मोजून व्हिडिओ तयार करायचं काम पडद्यावरच्या बटणांपासून वेगळं केलं, म्हणजे ते चालू असताना बटणं गोठू नयेत. चांगलं केलं. पण त्याच फेरीत एका वेळी अनेक फ्रेम रेंडर करायची सोय काढून टाकली. आम्ही कर्ज काढून जास्त कोअरची (एका वेळी अनेक कामं करणारी) मशीनं घेतलेली, ती नुसती बसून. ती सोय नव्या रूपात परत यायला ऑक्टोबर २०२१ उजाडला. मधल्या सहा वर्षांत जो जुन्यावर राहिला त्यानं हिशेब केला, आळस नाही.

आणि आमचं भांडवल म्हणजे जुन्या फाइली. गिऱ्हाईक येतं, "थोरलीच्या लग्नाला केलेलं तेच टायटल धाकटीला करा, नावं तेवढी बदला." नव्या आवृत्तीत घेतलं की खाली एक्सप्रेशन एररची (हालचाल चालवणाऱ्या कोडमध्ये चूक असल्याची) पट्टी, आणि टायटलमधल्या अक्षता जागच्या हलत नाहीत. नवं बांधा, हजारदा बांधा, पण जुनं उघडलं पाहिजे.

पोवईनाका_फ्रेम
साताऱ्याहून लिहितोय. त्या प्रशिक्षकांची भाषा वाईट, मुद्दा बरोबर. सीएस ६ मधली ती सोय तुम्ही फार गोड करून सांगताय. मागं प्रोग्रामच्या वेगवेगळ्या प्रती उघडायच्या आणि प्रत्येकीला वेगळी रॅम लागायची. रॅम कमी पडली की एकेक फ्रेम परवडली म्हणायची वेळ यायची. मी स्वतः ती बंद करून रेंडर लावायचो.

एक्सप्रेशनचं कारण २०१५ नव्हेच. ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीत जावास्क्रिप्टचं नवं इंजिन आलं, ते कोडच्या लिखाणाच्या बाबतीत कडक आहे. जुनी फाइल थेट उघडा. नव्या प्रोजेक्टात इम्पोर्ट केली तर ती नव्या प्रोजेक्टच्या इंजिनवर चालते. किंवा प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये एक्सप्रेशन्सच्या टॅबवर 'लेगसी एक्स्टेंडस्क्रिप्ट', म्हणजे जुनं इंजिन निवडा. एवढ्यासाठी सगळी नवी आवृत्ती मोडीत काढायची?

हळदगल्ली
इंजिन ठेवा बाजूला, फॉन्टचं बोला. लै छळलंय त्यानं. पत्रिकेच्या व्हिडिओत अक्षर-अक्षर वरनं पडायचा इफेक्ट लावला. पडद्यावर आधी नुसती वेलांटी पडली, मग थोड्या वेळानं च आला, मग टिंब. "चि."चे असे तुकडे. नवरीचे आजोबा शेजारी बसलेले, म्हणाले, "पोरा, लेकीचं नाव तरी सरळ येऊ दे." जुनं असो का नवं, मराठीचा विचार कुठल्या व्हर्जननं केलाय?

देवनागरी_सरळ
हा दोष तुमच्या फॉन्टचा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टच्या पद्धतीत वेलांटी हे स्वतंत्र चिन्ह असतं आणि ते अक्षराच्या आधी टाइप होतं. मशीनला ती मराठी आहे हे ठाऊकच नसतं. युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) वापरा, नव्या आवृत्तीत जोडाक्षरं जागेवर येतात. जगानं हे कधीच केलं. आपल्याकडचेच लोक अडून बसलेत.

हळदगल्ली
"आपल्याकडचेच लोक" म्हणजे कोण, नाव घ्या की! मजकूर मी टाइप करत नाही. प्रेसवाला पत्रिकेची फाइल पाठवतो ती जुन्याच फॉन्टात. कन्व्हर्टरमधनं काढली की "सूर्यवंशी"चा रफार भलत्याच अक्षरावर. रात्री अकराला, सकाळी मुहूर्त असताना, पाहुण्यांची यादी परत टाइप करायला तुम्ही येणार? पैसे भरून घेतलेले फॉन्ट आहेत ते. ज्यांच्याकडनं घेतले ते म्हणतात युनिकोडचे वेगळे पैसे भरा. ज्ञान शिकवायला सगळे तयार, पैसे भरायला कोण नाही.

देवनागरी_सरळ
पाच वर्षांपूर्वी प्रेसवाल्याला ठणकावून सांगितलं असतं तर आज ही वेळ आली नसती. तुम्ही सोसता म्हणून ते पाठवतात.

हळदगल्ली
तुमच्या गावात प्रेसवाला ऐकत असेल. हितं तोच गिऱ्हाईक पाठवतो.

वर्गणी_नको
खरं दुखणं कुणी बोलतच नाही. सीएस ६ हे एकदा पैसे भरून कायमचं घेता आलेलं शेवटचं. २०१३ पासून नव्या आवृत्त्या वर्गणीवरच. पावसाळ्यात चार महिने काम नाही, वर्गणी मात्र चालू. शिकायला कुणाचीच ना नाही, भाडं परवडत नाही.

मिरज_थ्रीडी
दादा, मग ब्लेंडर घ्या, थ्रीडीचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. माझा अनुभव सांगते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा सांगलीतलं आमचं दुकान बुडालं. मशीन गेलं, जुन्या फाइलींची डिस्क गेली. नवं मशीन घेतलं तेव्हा ब्लेंडर २.८० नुकतंच आलेलं. उजव्या क्लिकनं निवडायची बोटांची सवय, इथं डावा क्लिक. वस्तू ठेवायचे वीस लेयर जाऊन कलेक्शन, म्हणजे नावाचे गट आलेले. जुना इंटरनल रेंडरर काढून टाकलेला, त्यामुळे भावाकडच्या पेनड्राइव्हवर वाचलेल्या फाइली उघडायच्या, पण रंग-पोत गायब, सगळं करडं. रडू आलं होतं. पण ईव्ही या नव्या रेंडररमध्ये सोन्याची अक्षरं फिरवताना लगेच दिसायला लागली, ज्यासाठी आधी रात्रभर मशीन चालू ठेवायचे. मला परत जायचं नाही.

विश्रामबागवाल्या दादांना एवढंच म्हणेन, फाइली जपा, पण फाइलींसाठी थांबू नका. मराठी अक्षरं मात्र ब्लेंडरमध्येही नीट जुळत नाहीत. मी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द लिहून, त्याचे आकार करून आणते. हळदगल्लीवाले दादा, तुम्हीही आफ्टर इफेक्ट्समध्ये तेच करा. आकार केल्यावर वेलांटी आणि च एकाच गटात बांधता येतात, मग "चि." एकत्र पडेल.

हळदगल्ली
ताई, पाहुण्यांच्या यादीला हे शक्य नाही. नवरा-नवरीच्या नावापुरतं करून बघतो.

विश्रामबाग_टायटल
साताऱ्याचे साहेब, मी इम्पोर्टच करत होतो. आज फाइल थेट उघडली, अक्षता पडल्या. तेवढं तुमचं मान्य. पण हे मला त्या प्रशिक्षकांनी का नाही सांगितलं? धंदा बदला म्हणायला एक ओळ लागते, हे सांगायला दोन लागल्या असत्या. मिरजेच्या ताईंचं ऐकून वाईट वाटलं, पण त्यांच्या फाइली पाण्यात गेल्या, माझ्या शाबूत आहेत. रोज त्यावर चूल पेटते. नवी आवृत्ती दुसऱ्या मशीनवर टाकेन. सीएस ६ चं मशीन अक्षय्यतृतीयेचे मुहूर्त उरकेपर्यंत जसं आहे तसंच राहील, त्याला कुणी हात लावायचा नाही.

पोवईनाका_फ्रेम
राहू द्या. पण दर मोसमाला तुम्ही हेच म्हणणार. आणि ते मशीन बंद पडेल ते नेमकं मुहूर्ताच्या आदल्या रात्रीच.