ड्रॅगच्या गाडीला मागे सॉलिड ॲक्सल बसवण्याबाबत सल्ला हवा आहे

खाडीपलीकडचा, रत्नागिरी :

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ई४६ पिढीची सहा सिलिंडरची, ३ लिटर पेट्रोल इंजिनाची बीएमडब्ल्यू आहे. इंजिनाला टर्बो बसवला असून ताकद साधारण ४०० अश्वशक्तीपर्यंत गेली आहे. गिअरबॉक्स पाच गिअरचा मॅन्युअल आहे आणि गाडी आता केवळ पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यतीसाठी ठेवली आहे. क्लच सोडताच मागची चाके पकड घेण्याऐवजी थडाथडा उडू लागतात आणि एवढ्या ताकदीपुढे हाफ शाफ्टचे (डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यांचे) जॉइंट फार काळ तग धरतील असे वाटत नाही. म्हणून मागचे स्वतंत्र सस्पेन्शन पूर्ण काढून सॉलिड ॲक्सल (दोन्ही मागची चाके जोडणारा एकसंध ॲक्सल) बसवावा असा विचार आहे. ॲक्सल कोणत्या गाडीचा घ्यावा, तो धरून ठेवायला लॅडर बार (दर बाजूला एक त्रिकोणी दांडी) बरा की फोर लिंक (चार दांड्या), आणि हे काम रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यात होईल की आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावे, यावर जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पाटेवाला, चिपळूण :

चाके का उडतात ते आधी पाहू. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये डिफरन्शियल (ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरचा गोळा), सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी चौकट) आणि प्रत्येक आर्म रबरी बुशवर टांगलेला असतो. टायरने पकड घेतली की ही सगळी रबरे दाबली जातात, पकड सुटली की ती एकदम मोकळी होतात, आणि सेकंदात अनेकदा हेच घडत राहिले की तुम्ही म्हणता तो थडथडाट सुरू होतो. शिवाय गाडी मागे बसताना चाकांचा कॅम्बर, म्हणजे उभा कल, बदलतो आणि टायर पूर्ण रुंदीने रस्त्याला टेकत नाही. सॉलिड ॲक्सलमध्ये हे दोन्ही प्रश्न बऱ्याच अंशी मिटतात. फोर्डने १९९९ च्या मस्टँग कोब्राला मागे स्वतंत्र सस्पेन्शन दिले, तेव्हा ड्रॅगवाल्यांनी ते उतरवून साध्या मस्टँगचा सॉलिड ॲक्सल परत चढवला होता. मात्र तिथे नवे सस्पेन्शनच जुन्या जागांवर बसेल असे बनवलेले असल्यामुळे ते काम बोल्ट काढण्याचे आणि बोल्ट लावण्याचे होते. तुमच्या गाडीत ॲक्सलसाठी एकही तयार जागा नाही, हे ध्यानात घ्या.

दुसरे असे की, सॉलिड ॲक्सल स्वतःचे एक दुखणे घेऊन येतो. गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा पीळ थेट हाउसिंगवर (ॲक्सलच्या कवचावर) येतो आणि सुटताना उजव्या मागच्या चाकावरचा भार कमी होतो. डिफरन्शियल बॉडीला बांधलेले असते तेव्हा हा त्रास नसतो. त्यामुळे मागे जाड अँटिरोल बार (गाडीचे एका बाजूला कलणे रोखणारी दांडी) लावावाच लागतो. बुश आणि सबफ्रेमचे काम न करता थेट ॲक्सलकडे वळला असाल, तर मी आधी तेच करा असे सांगेन. या पिढीच्या गाड्यांत सबफ्रेम जिथे टांगली जाते तिथला तळाचा पत्रा फाटतो हे सर्वश्रुत आहे, तेव्हा गालिचा उचलून तोही पाहून घ्या.

खाडीपलीकडचा :

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. बुश पॉलियुरेथेनचे घातले आहेत आणि तळाला आतून-बाहेरून प्लेट वेल्ड केल्या आहेत. उडणे कमी झाले, थांबले नाही. नंतर स्लिक (नक्षी नसलेले, जास्त पकडीचे) टायर लावायचे असल्यामुळे भार आणखी वाढणार आहे.

टेलपिनियन, कुडाळ :

मग ॲक्सलच बसवा. आपल्याकडे सहज मिळणारा आणि या कामाला शोभणारा ॲक्सल म्हणजे पहिल्या पिढीच्या इनोव्हाचा. तो मुळातच कॉइल स्प्रिंगचा आणि फोर लिंकचा आहे, त्यामुळे पाट्यांच्या ॲक्सलसारखे सगळे ब्रॅकेट नव्याने योजावे लागत नाहीत. क्राउन-पिनियनचा, म्हणजे डिफरन्शियलच्या मुख्य गिअरजोडीचा, गोळा पुढून अख्खा बाहेर निघत असल्याने दुरुस्तीही सोपी पडते. त्याच्या चाकाचे पाच बोल्ट ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत, तुमच्या गाडीचे १२० वर आहेत. ड्रॅगसाठी मागच्या रिम वेगळ्याच घ्याव्या लागणार असल्याने त्याची चिंता नको. स्कॉर्पिओचा ॲक्सलही दणकट आहे, पण त्याचे वर्तुळ १६० चे असल्यामुळे हलक्या रिम शोधताना नाकी नऊ येतील.

गिअरचे प्रमाण (चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलर शाफ्टचे किती फेरे) भंगारवाल्याच्या शब्दावर घेऊ नका. एक मागचे चाक जमिनीवर राहू द्या, दुसरे जॅकवर उचला, उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्ट किती फेरे फिरला ते खडूची खूण करून मोजा. ओपन (लॉक नसलेले) डिफरन्शियल असेल तर तोच आकडा तुमचे प्रमाण. आता हिशेब पाहा. तुमच्या गिअरबॉक्सचा पाचवा गिअर सरळ एकास एक आहे. टायरचा व्यास ६६० मिलिमीटर आणि इंजिनाची मर्यादा ६५०० फेरे धरली, तर ३.७३ ला वेग ताशी २१७ किलोमीटरपर्यंत जातो, ४.१ ला १९७ आणि ४.५६ ला १७७. तुमच्या ताकदीची आणि वजनाची गाडी पाव मैलाच्या शेवटी १९० च्या आसपास असायला हवी. म्हणजे ४.५६ घातलेत तर रेषा येण्याआधीच इंजिन संपेल. ४.१ नेमके बसते.

स्लिक टायरवर इनोव्हाचे मूळ शाफ्ट किती टिकतील याबद्दल मी साशंक आहे. मिश्र पोलादाचे शाफ्ट करून घ्या. आयातीची तयारी असेल तर फोर्डचा ९ इंची ॲक्सल हा या खेळातला जुना भरवशाचा पर्याय आहे. तो १९५७ च्या मॉडेलांपासून चालत आलेला असून आजही हव्या त्या रुंदीत नवा बनवून मिळतो. त्याचा पिनियन फार खाली असल्यामुळे तो थोडी अधिक ताकद खातो, पण तुटत नाही. फोर्डचाच ८.८ इंची स्वस्त पडेल. मात्र त्यात शाफ्ट आतल्या सी-क्लिपवर अडकवलेला असतो आणि शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर येतो, म्हणून मी तो सुचवणार नाही.

लेथमास्तर, मूळचा राजापूरचा, सध्या कोल्हापूर :

ॲक्सल निवडणे हा या कामाचा सोपा भाग आहे. गाडी सरळ जाईल की नाही हे ब्रॅकेट कुठे आणि कसे जोडले यावर ठरते. लॅडर बार सोपा आणि कमी जागेत बसणारा आहे, पण त्यात फेरफारास वाव कमी. फोर लिंकमध्ये वरच्या आणि खालच्या दांड्यांच्या रेषा पुढे वाढवल्या की जिथे मिळतात, त्या बिंदूवरून सुटताना गाडीचा मागचा भाग उचलला जाणार की बसणार हे ठरते. दांडीचे पुढचे टोक एक भोक वर-खाली केले की तो बिंदू सरकतो. स्लिक टायर लावणार असाल तर फोर लिंकच घ्या, आणि ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून तिरपी दांडी किंवा पॅनहार्ड रॉड विसरू नका.

पिनियनचे नाक गाडी उभी असताना, प्रॉपेलर शाफ्टच्या रेषेच्या मानाने, एक ते तीन अंश खाली ठेवा, कारण जोर आला की ते वर उचलले जाते. हा कोन गाडी चाकांवर, चालकाच्या वजनासह उभी असतानाच घ्यायचा असतो. लिफ्टवर लटकलेल्या गाडीत घेतलेला कोन निरर्थक आहे.

हाउसिंगच्या नळीला ब्रॅकेट वेल्ड करताना एका बाजूने सलग शिवण टाकली तर नळी केळ्यासारखी वाकते आणि मग बेअरिंग व सील वारंवार जातात. आतून अलाइनमेंट बार घालून ठेवा, आधी टाके मारा, मग आलटून-पालटून बोटभर शिवणी टाका आणि मध्ये हाताला सोसेल इतके थंड होऊ द्या. पाण्याने थंड करू नका. कोकणातल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. ७०१८ चे वेल्डिंग रॉड पावसाळी हवेत दमट होतात आणि शिवणीला पुढे तडे जाण्याची शक्यता वाढते, म्हणून ते भट्टीत कोरडे करूनच वापरावेत. गॅसच्या आवरणाखाली वेल्ड करणारे (मिग) मशीन असेल तर दर्यावरचा वारा गॅसचे आवरण उडवतो, तेव्हा आडोसा हवाच. घासून उघडा केलेला पत्रा तुमच्याकडे एका रात्रीत तांबडा होतो. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. वेल्डिंग आणि जुळवणी मिरजोळे किंवा खेर्डीच्या एमआयडीसीत होईल. नळी आखूड करणे आणि शाफ्टला नवी स्प्लाइन (टोकाचे दाते) पाडणे यासाठी मात्र घाट चढावा.

पेट्रोलच्या टाकीचा विचार कोणी मांडलेला दिसत नाही. या गाडीची टाकी खोगिरासारखी प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही बाजूंना बसते. आजवर डिफरन्शियल स्थिर होते. आता हाउसिंग आणि शाफ्ट वर-खाली होणार. ती टाकी काढून डिकीत फ्युएल सेल (शर्यतीच्या गाड्यांची सुरक्षित टाकी) घ्यावी लागेल आणि तळाचा पत्रा कापावा लागेल.

पाटेवाला :

प्रॉपेलर शाफ्टभोवती सुरक्षा-कडेही बसवा. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींची संघटना एन.एच.आर.ए. हिच्या नियमांत ते पुढच्या जॉइंटपासून ६ इंचांच्या आत असावे लागते, कारण पुढचा जॉइंट तुटला की शाफ्ट जमिनीत रुतून गाडी उलटू शकते. आणि मोटार वाहन कायद्याचे (गाडीतील बदलांबाबतचे) कलम ५२ पाहता अशी गाडी रस्त्यावर चालवता येणार नाही. मूळ रचनेत असे बदल नकोत हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. ट्रेलरवरूनच न्या. चाचणीसाठी हायवे नको आणि पुळणही नको. ॲक्सलच्या ब्रीदरमधून (हवा जाण्याच्या छिद्रातून) खारी वाळू आत गेली की नवे बेअरिंग गेलेच म्हणून समजा.

खाडीपलीकडचा :

ट्रेलर आहे आणि गाडीची चाचणी बंदिस्त धावपट्टीवरच होईल. इनोव्हाचा ॲक्सल, ४.१ प्रमाण, नवे शाफ्ट आणि फोर लिंक असे ठरवतो. काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर सुरू करीन. लेथमास्तर, कोल्हापूरला केवळ हाउसिंग आणले तर चालेल का?

लेथमास्तर :

हाउसिंग आणि शाफ्ट पुरेत, पण येण्यापूर्वी स्लिक लावलेल्या रिम गाडीखाली हव्या त्या जागी उभ्या करून दोन्ही रिमच्या बसण्याच्या पृष्ठभागांमधले अंतर मोजून आणा. आतल्या बाजूला टायर आणि पत्रा यांच्यात निदान इंचभर जागा सोडा, कारण सुटताना स्लिक टायरची भिंत चुरगळून फुगते. फोर लिंकचे ब्रॅकेट तोवर जोडू नका. नळी आखूड झाल्यावर त्यांच्या जागा पुन्हा आखाव्या लागतील.