"जुनं वाटलं पाहिजे": मसाल्याच्या फोटोतली आजी खरी की भाड्याची?

तिरपा_उजेड (धागाकर्ता)

डोंबिवलीत राहतो. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवून वस्तूंचे फोटो काढतो. गिऱ्हाईक म्हणजे मसाले, लोणची, फराळ विकणारी छोटी मंडळी. वस्तू कुठलीही असो, फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं: "दादा, जुनं वाटलं पाहिजे हं. आजीच्या घरासारखं."

परवा एका ताईंच्या गोड्या मसाल्याचे फोटो काढले. पितळेचा डबा, सागवानी फळी, मागे गजांच्या खिडकीची सावली. घरी दाखवले तर वहिनी म्हणाली, "ही चक्क फसवणूक आहे. त्या ताई मसाला कांडायला गल्लीतल्या कांडपवाल्याकडे टाकतात आणि तू वाडा दाखवतोस!" तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

माझं म्हणणं असं, की जुनेपण सामानातून येत नाही, उजेडातून येतं. माझी ती खिडकी म्हणजे काळ्या पुठ्ठ्यात कापलेल्या पाच उभ्या फटी. खिडकीपुरता एकच दिवा, डावीकडे, टेबलापेक्षा जेमतेम वीतभर वर, त्यावर केशरी जिलेटिन कागद. उजवीकडे दुसरा काळा पुठ्ठा, म्हणजे भिंतीवरून परतलेला उजेड सावलीत शिरत नाही. खिडकीचा पुठ्ठा डब्याजवळ आणला की गजांची सावली धारदार होते, दिव्याकडे नेला की विरघळते. मी ती अर्धवट विरघळलेली ठेवतो. धारदार सावली आज दुपारची वाटते, पुसट सावली कधीतरीची. एवढं केलं की साधी वाटीसुद्धा ३० वर्षं मागे जाते.

यात खोटं काय? मसाल्याबद्दल मी एक शब्दही बोललेलो नाही.

खडाहिंग

"एक शब्दही बोललेलो नाही", हीच तर मेख आहे. शब्दांवर पहारा आहे म्हणून फोटोला बोलायला लावताय. अन्नपदार्थांच्या जाहिरातींबद्दलचे एफएसएसएआयचे, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१८चे नियम काढून बघा. 'पारंपरिक' म्हणायचं तर कृती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे हे दाखवता आलं पाहिजे. 'होममेड'सारखे गैरसमज करून देणारे शब्द तर वापरायचेच नाहीत. मग काय, पाकिटावर गप्प बसायचं आणि शेजारी पाटा-वरवंटा मांडायचा!

अमेरिकेत १९७०च्या सुमारास कॅम्पबेल सूपचं असंच प्रकरण गाजलं होतं. जाहिरातीतल्या वाडग्यात तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, म्हणजे भाज्या वर येऊन सूप भरगच्च दिसावं. तिथल्या व्यापार आयोगानं हरकत घेतली आणि तो प्रकार थांबला. सूप खरं होतं, भाज्याही खऱ्या होत्या. तुमचा पितळेचा डबा ही तीच गोटी.

तिरपा_उजेड

गोटीमुळे भाजी किती आहे त्याबद्दल गैरसमज झाला. माझा डबा मसाल्यात धणे किती ते सांगतो का? लग्नपत्रिकेवर गणपती छापतात म्हणून तो पंगतीला येऊन बसेल असं कोणी धरत नाही.

एक पथ्य मात्र पाळतो. केशरी उजेड मागच्या भिंतीवर, मसाल्यावर पांढराच. गोडा मसाला मुळात काळपट. त्यावर केशरी पडला की कांदा-लसूण मसाल्यासारखा लालबुंद दिसतो, आणि पाकीट फोडल्यावर गिऱ्हाईक विचारतं, "शिळा पाठवलात का?" माझी रेषा तिथे आहे, डब्यापाशी नाही.

माळ्यावरचा_डबा

मला कायद्यातलं कळत नाही, स्वयंपाकघरातलं कळतं. गेल्या महिन्यात कुठल्याशा जाहिरातीत लिंबाचं लोणचं पाहिलं. पितळेच्या वाटीत! कल्हई नसलेल्या पितळेत आंबट ठेवलं की कळकतं हो. लोणचं चिनी मातीच्या बरणीत, तोंडाला फडकं बांधून, कोरड्या हातानं काढायचं. माझ्या सासूबाई तो फोटो बघून आधी "वाटी रिकामी करा" म्हणतील. म्हणजे ज्यांच्या घरात खरोखर असं लोणचं मुरायचं त्यांनाच हा फोटो खुपतो. मग काढला कोणासाठी?

आणि आमचं आजीचं घर म्हणजे मालाडची दहा बाय बाराची खोली. पितळ कधीच मोडीत गेलं होतं, त्या पैशांत आजीनं हौसेनं स्टील घेतलं. मसाल्याचा डबा स्टीलचा, झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव, कोणाकडून भेट ते आणि तारीख. गॅलरीत डालड्याच्या डब्यात तुळस. सोनेरी उजेड वगैरे काही नाही, ट्यूबलाइट. तीही चालू होताना तीनदा डोळे मिचकावणारी. यातलं काही कधी फोटोत दिसतं का? नावाचा डबा माझ्याकडे अजून आहे, पण तो कोणी भाड्यानं नेत नाही.

जुना_रोल

धागाकर्त्याशी सहमत, पण वेगळ्या कारणासाठी. १९८०च्या दशकात लग्नाचे रंगीत फोटो धुऊन आले तेव्हा हिरवी साडी हिरवीच होती. नंतर अल्बममध्ये, अंधारात पडून, त्या कागदातला निळसर रंग आधी उडाला आणि उरलं ते तांबूस. आज मोबाइलवर ज्याला 'जुना लुक' म्हणून बोटानं सरकवतात तो हाच रासायनिक बिघाड! रोल कधी हातात न धरलेली माझी पुतणीसुद्धा तो रंग पाहून हळवी होते. तेव्हा खरं जुनं म्हणजे नेमकं काय, हा वाद आता फार पुढे गेला आहे. मराठीत याला स्मरणरंजन म्हणतात, आणि रंजनाचा मूळ अर्थ रंगवणं. रंगवलं म्हणून कशाला ओरडायचं?

परड्यातलं_जातं

रंगवा की. पण काय झाकून रंगवताय तेही बघा.

माझी आजी सातारा जिल्ह्यातली. पहाटे चारला जात्यावर बसायची, घरात नऊ माणसं. ओव्या म्हणायची त्याचं आज कौतुक होतं. ती म्हणायची, "गाणं नसतं तर हात उचलला नसता." गावात पिठाची गिरणी आली तेव्हा तिनं जातं परड्यात नेऊन टाकलं. पुढे कितीतरी वर्षं त्यावर कोंबड्या बसायच्या. आता एका नातेवाइकानं तेच जातं उचलून हॉटेलच्या दारात मांडलंय, मधल्या भोकात झेंडूची फुलं खोचून. आजी असती तर हसून हसून पोट दुखलं असतं तिचं, किंवा मग शिव्या दिल्या असत्या.

आणि दर फोटोत तो एकच वाडा, तोच झोपाळा, तीच नऊवारीतली गोरी आजी. आमच्या घरात वाड्याची आठवण म्हणजे मागच्या दारानं जायचं आणि अंगणातच थांबायचं. तुमची पुसट सावली माझ्यासाठी फार धारदार आहे, दादा.

फ्रीमॉन्टची_वहिनी

ताई, तुमचं वाचून गप्प झाले. तरी एक सांगते. इथे अमेरिकेत देशी दुकानात एकाच मसाल्याची चार पाकिटं असतात आणि मी दर वेळी पितळेच्या डब्याचं चित्र असलेलं उचलते. मला पक्कं ठाऊक आहे की तो कारखान्यात भरलाय. माझ्या आजीकडे पितळ नव्हतंच, मसाला हॉर्लिक्सच्या काचेच्या बाटलीत असायचा, वर हिंगाचा खडा. पण ते चित्र पाहिलं की मला ती बाटली दिसते. दुसऱ्याच्या आजीवरून स्वतःची आठवली, तर यात कोणाचं काय गेलं?

खडाहिंग

तुमचे डॉलर गेले! थट्टा नाही करत. लासालेटा, सेडिकिडीस आणि व्होज यांचा अभ्यास २०१४ साली 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च'मध्ये आला होता. जुन्या आठवणीत रमलेला माणूस पैशाला कमी घट्ट धरतो, जास्त मोजायला तयार होतो, असा त्यांचा निष्कर्ष. धागाकर्त्याला तो पुठ्ठा उगाच कापायला लावत नाहीत.

फ्रीमॉन्टची_वहिनी

गेले तर गेले. तीन डॉलरांत आजी महाग नाही.

तिरपा_उजेड

वाड्याबद्दल मला उत्तर देता येत नाही, म्हणून देत नाही. झोपाळा मात्र या आठवड्यात परत करून टाकला. भाडंही फार होतं त्याचं.

डब्याचं डोक्यात राहिलं म्हणून काल काकूकडून तिचा स्टीलचा डबा आणला, १९८७ सालचा, नाव कोरलेला. दिव्यावरचं केशरी जिलेटिन काढलं, किंचित हिरवं लावलं, आणि दिवा तिरपा न ठेवता वर टांगला, ट्यूब असायची तसा. पितळ वापरलं की कळकट डागसुद्धा शोभून दिसतात; स्टील म्हणजे आरसा. पहिल्या फोटोत डब्याच्या पोटात मी, तिपाई आणि दोरीवरची बनियन. शेवटी भोवती बटर पेपरचा तंबू ठोकला आणि लेन्सपुरतं भोक पाडलं. झाकणावरची टिंबं दिसावीत म्हणून बाजूनं छोटी टॉर्च धरावी लागली. तीन तास गेले. बायकोनं फोटो पाहिला आणि म्हणाली, "अरे, हा तर आमचा डबा!" तिच्या माहेरी कधी असा डबा होता ते तिलाही सांगता येईना.

मसाल्याच्या ताईंना दोन्ही फोटो पाठवले. त्यांनी पितळेचाच ठेवला. म्हणाल्या, "स्टीलचा छान आहे हो, पण स्वस्त दिसतो. तो लावला तर पाकीट ४० रुपयांनी उतरवावं लागेल."

माळ्यावरचा_डबा

मग उतरवा म्हणावं! त्या भावात अर्धा किलो माझा लिहून घ्या. आणि तो नाकारलेला फोटो टाका इथे. झाकणावर कोणाचं नाव आहे ते वाचायचंय मला.