मदत हवी आहे: फ्रेंच पदकाचं मराठीत काय लिहू?

रविवारी आमच्या सोसायटीतल्या मावशींची पंचाहत्तरी. त्यांनी उभा जन्म पुण्यात फ्रेंच शिकवलं. मानपत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. फ्लेक्स छापूनही आला: 'फ्रान्सचा सर्वोच्च नागरी पुरस्कार लीजन ऑफ ऑनर विजेत्या'.

काल पदकाची डबी उघडली आणि पोटात गोळा आला. फीत निळी! लताबाईंना मिळालेल्या लीजन ऑफ ऑनरची लाल असते ना? चांदणीला सहा निळे हात, मध्ये एका बाईचा चेहरा. पालथं केलं तर दोन तिरंगी झेंडे आणि तारीख, 3 डिसेंबर 1963. तेव्हा मावशी तेरा वर्षांच्या, परकर-पोलक्यात! त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, लिही काहीही, जेवण वेळेवर ठेवा म्हणजे झालं."

हे पदक नक्की कोणतं? आणि सोबतच्या कागदावरच्या 'शेवालिए'ला मराठीत काय म्हणू? कोशात 'सरदार' सापडलं. सरदार मावशी म्हटलं तर हशा पिकेल.

निळी_शाई: ताई, हे लीजन नव्हे, 'ऑर्द्र नास्योनाल द्यु मेरित', म्हणजे राष्ट्रीय गुणवत्ता सन्मान. तारीख मावशींची नाही, सन्मानाची. त्या दिवशी फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी तो सुरू केला, म्हणून सगळ्या पदकांवर तीच. नेपोलियनच्या 1802 च्या लीजनची पार खिरापत झाली होती. ती आवरायला हा दुसरा सन्मान काढला आणि निरनिराळ्या मंत्रालयांचे बरेच किरकोळ सन्मान त्यात गुंडाळले. तेव्हा 'सर्वोच्च' खोडा, याचा मान लीजनच्या खालचा. 'नागरी'पण खोडा, दोन्ही सन्मान सैनिकांनाही देतात. फितीवर गोल फुलासारखी गाठ आहे का? असेल तर 'ऑफिसिए'. नुसती फीत म्हणजे शेवालिए, पाचांतली पहिली पायरी.

खडूस_काका: 'विजेत्या' पण काढा हो. मावशी काय शर्यत धावल्या? 'मानकरी' लिहा. आणि शेवालिए तसंच राहू द्या. सरदार म्हटलं की आपल्याला घोडा आणि वतन आठवतं.

धागाकर्ती: गाठ नाही, नुसती फीत. 'फ्रान्सच्या राष्ट्रीय गुणवत्ता सन्मानाच्या मानकरी, दर्जा शेवालिए' असं लिहितेय. चालेल ना? फ्लेक्सवाला म्हणतो, नवा नको, वरून पट्टी चिकटवतो. पट्टी निळी मिळेल का, विचारलंय.