चिप नव्हे, मॉडेल बघा

स्नॅपड्रॅगन एक्स एलिट ही क्वालकॉमची चिप असलेल्या कुठल्याही लॅपटॉपवर लिनक्स चालेल, असं एकाने लिहिलंय. तसं नाही हो. इंटेलच्या मशीनवर हार्डवेअरचा पत्ता एसीपीआयकडून, म्हणजे मशीनमध्येच असलेल्या माहितीच्या तक्त्यांतून लागतो. स्नॅपड्रॅगनवर मात्र त्या-त्या मॉडेलची डिव्हाइस ट्री फाइल लागते, म्हणजे कुठला भाग कुठे जोडलाय हे लिनक्सला सांगणारी यादी. ती नसेल तर चिप तीच असूनही कीबोर्ड, टचपॅड गप्प! म्हणून आधी कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सोर्स कोडमध्ये, क्वालकॉमच्या फोल्डरात आपलं मॉडेल शोधा. थिंकपॅड टी१४एस आणि जुना एक्स१३एस तिथे सापडतील.

आणि विंडोज लगेच पुसू नका. ग्राफिक्स, आवाज यांचं फर्मवेअर (ते भाग चालवणारं सॉफ्टवेअर) बऱ्याचदा डिस्कवरच्या विंडोजच्या पार्टिशनमधून काढून घ्यावं लागतं.

मॅकच हवा असेल तर ‘असाही लिनक्स’ (Asahi) हे ॲपलच्या चिपसाठी बनवलेलं लिनक्स घ्या, तेही एम१ किंवा एम२ चिपवर. त्यापुढच्या चिपच्या मोहात सध्या पडू नका.