मदत हवी आहे : ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या साक्षरता वर्गासाठी निधी कुठून उभा करावा?

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात आमची छोटी संस्था आहे. गावातल्या समाजमंदिरात आम्ही मोठ्या बायकांसाठी रात्रीचा वर्ग चालवतो. भाकऱ्या-भांडी उरकून त्या येतात. बहुतेकजणी दलित आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या. दसरा-दिवाळी झाली की कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायको जोडीनं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात तोडीला जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात परततात.

सही करता यावी एवढ्यासाठी त्या येत नाहीत. त्यांना हिशोब हवा असतो. उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, किती टन ऊस तोडला, मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत काय लिहिलंय, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा त्यांना कंटाळा आलाय. एक मावशी गेल्या हंगामातल्या वजनकाट्याच्या पावत्या पिशवीत बांधून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ह्यात माजं किती, त्ये दाव." पावतीवर ३.४६० असं वजन होतं. त्या टिंबाच्या अलीकडे टन आणि पलीकडे किलो, हे कळल्यावर त्यांनी सगळ्या पावत्या पुन्हा पहिल्यापासून लावल्या. तेव्हापासून आमचा वर्ग बाराखडीच्या आधी पावतीपासून सुरू होतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती वाढ आपल्या हातात पडली का, हे स्वतः ताडून पाहता येणं त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे.

अडचण पैशाची आहे, आणि पाटी-पुस्तकांच्या पैशाची नाही. ती कुणीही देतं. शिकवणाऱ्या मुलींच्या मानधनाला मात्र कुणी तयार होत नाही. एक बारावी झालेली, दुसरी शिवणकाम करणारी सून. शिवणवालीची रात्रीची दोन तासांची शिलाई बुडते. केंद्राचा 'उल्लास' हा प्रौढ साक्षरता कार्यक्रम (२०२२ ते २०२७, एकूण तरतूद १०३७.९० कोटी) चालतो तो स्वयंसेवकांच्या जोरावर. परीक्षा आणि प्रमाणपत्रासाठी आम्ही त्यात नावं नोंदवतोच, पण शिकवणाऱ्याला त्यात मानधन नाही. पूर्वी केंद्राच्याच 'साक्षर भारत' योजनेत प्रेरकाला, म्हणजे गावातलं साक्षरता केंद्र चालवणाऱ्याला, महिना २००० रुपये तरी ठरलेले होते. गरिबाच्या पोरीनं फुकट शिकवावं, ही अपेक्षा मला मुळातच पटत नाही.

एका कंपनीच्या सीएसआर विभागाकडे (नफ्यातून सामाजिक कामाला पैसे देणारा विभाग) गेलो होतो. त्यांना बारा महिन्यांची हजेरी हवी होती. आमच्या बायका निम्मं वर्ष फडात असतात, गावातली हजेरी दाखवायची कुठून? उलट माझं म्हणणं असं की निधी त्यांच्यामागे कारखान्याच्या तळावर, म्हणजे तोडणीच्या काळात त्या राहतात तिथे, जायला हवा. पहाटे फडात जाऊन संध्याकाळी कोपीवर (झोपडीवर) आलेल्या बाईला तासभर वर्ग नकोच, तिथे आठवड्यातून एकदा पावत्या लावून देणारी, चार ओळी वाचून घेणारी कुणीतरी हवी. एखादी बाई ज्या टोळीत आहे, त्याच टोळीतल्या वाचता येणाऱ्या मुलीला ह्याचं मानधन देता आलं तर वर्ग तुटणार नाही.

आता नेमकं विचारायचं ते असं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली सीएसआरसाठी नफ्याच्या जो २ टक्के खर्च करावा लागतो, तो सहकारी कारखान्यांना लागू नाही, पण खासगी साखर कारखान्यांना निकषात बसल्यास लागू आहे. एखाद्या खासगी कारखान्याकडून तळावरच्या वर्गासाठी पैसे मिळाल्याचं कुणाला माहीत आहे का? अर्ज कुणाच्या नावानं करायचा, कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याकडून जायचं की थेट मुख्य कार्यालयात? आमच्याकडे १२ए, ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) आहे, सीएसआर निधी घेण्यासाठी लागणारी सीएसआर-१ची नोंदणीही झाली आहे.

दुसरं, गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे १० रुपये घेण्याचं ठरलेलं आहे. मुलांच्या वसतिगृहांबद्दल ऐकतो. मोठ्यांच्या शिक्षणाचा प्रस्ताव तिथे कुणी दिलाय का? दिला असेल तर खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली बसवला?

तिसरं, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणासाठी ठेवायचे असतात. आमच्या पंचायतीचं उत्पन्नच बेताचं, त्यामुळे रक्कम तुटपुंजी. तरीही ग्रामसभेच्या ठरावातून शिकवणाऱ्यांचं मानधन कुणी मंजूर करून घेतलं असेल तर ठरावाचा मजकूर पाहायला आवडेल. जनशिक्षण संस्थेचा (केंद्राच्या मदतीनं कौशल्याचे कोर्स चालवणारी संस्था) अनुभव असलेल्यांनीही लिहा. शिवणाचा कोर्स तिकडून आणि साक्षरता आमच्याकडून, अशी जोडणी जमते का?

परदेशातल्या मंडळींपैकी काहींनी आपणहून मदत विचारली, त्यांचे आभार. आमची एफसीआरए (परदेशी देणगी घेण्यासाठीची) नोंदणी नाही, म्हणून परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी, आम्ही पैसे घेऊ शकत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी चालते.

टोळ्यांच्या गाड्या दसऱ्यानंतर लागतील. त्याआधी निदान एका कारखान्याच्या तळावरचं नक्की करायचं आहे, म्हणून जे माहीत असेल ते त्रोटक का होईना, इथेच लिहा. खर्चाचा तक्ता तयार आहे, तपासून द्यायला कुणी तयार असेल तर व्यक्तिगत निरोप करा, लगेच पाठवते.