‘द न्यूजरूम’ : बातमीमागची घालमेल, की घडून गेल्यावरचे शहाणपण?

पाणवठा (धागालेखक)

ॲरन सॉर्किन यांची ‘द न्यूजरूम’ ही मालिका एचबीओवर २४ जून २०१२ ते १४ डिसेंबर २०१४ या काळात तीन पर्वांत आणि पंचवीस भागांत दाखवली गेली. एसीएन या काल्पनिक वाहिनीवर रात्रीचे बातमीपत्र सादर करणारा विल मॅकअवॉय, त्याच्या कानात सतत बोलत राहणारी कार्यकारी निर्माती मॅकेन्झी, वृत्तविभागाचा प्रमुख चार्ली स्किनर आणि त्यांच्या हाताखाली राबणारी तरुण मंडळी यांची ही कथा आहे. अलीकडे मी ती पुन्हा सलग पाहिली आणि पहिल्या वेळचे भारावलेपण या वेळी टिकले नाही. ते का टिकले नाही हे मांडतो. ज्यांना ही मालिका प्रिय आहे त्यांनी माझे म्हणणे जरूर खोडून काढावे.

माझा आक्षेप मालिकेच्या मूळ रचनेवरच आहे. सॉर्किन यांनी खऱ्या घटना घेतल्या, पण त्या घडून दोन वर्षे होऊन गेल्यावर. पहिल्या भागात मेक्सिकोच्या आखातातील डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या फलाटावर स्फोट झाल्याची बातमी येते. प्रत्यक्षात २० एप्रिल २०१० च्या त्या स्फोटात अकरा कामगार गेले, सुरुवातीचे काही दिवस सर्वांचे लक्ष बेपत्ता माणसांच्या शोधावर होते आणि समुद्रतळाशी विहिरीतून तेल गळत असल्याचे तटरक्षक दलाने २४ एप्रिलला सांगितले. मालिकेत मात्र जिम हार्पर या तरुण निर्मात्याचा कॉलेजातला मित्र विहीर खोदून घेणाऱ्या बीपी या तेलकंपनीत आणि बहीण तिथे काम करणाऱ्या हॅलिबर्टन या कंत्राटदार कंपनीत निघते, दोघेही फोनवर सगळे सांगून टाकतात आणि त्याच संध्याकाळच्या बातमीपत्रात एसीएन या दुर्घटनेचा संपूर्ण अर्थ उलगडून दाखवते. विहिरीच्या सिमेंटचे काम हॅलिबर्टनने केले होते हे खरे आहे, परंतु पहिल्याच तासात नेमक्या त्या सिमेंटकडे बोट दाखवायला बातमीदार नव्हे, ज्योतिषी लागतो.

बातमीच्या कामातला खरा ताण पूर्ण माहिती हातात नसताना निर्णय घेण्याचा असतो. या मालिकेत तो ताण उसना वाटतो, कारण लेखकाला उत्तर ठाऊक आहे आणि त्याने ते हळूच आपल्या पात्रांच्या खिशात ठेवले आहे. त्यामुळे ज्या खऱ्या पत्रकारांनी त्या रात्री चाचपडत काम केले, ते सारे उगाचच आळशी किंवा भित्रे ठरतात. पडद्यामागच्या माणसांचा गौरव करण्यासाठी लिहिलेल्या मालिकेने त्यांच्याच कामावर असा अन्याय करावा, याचे मला वाईट वाटते.

रात्रपाळी

पहिल्या भागाबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही, तो सोयीस्करच आहे. मात्र एका भागावरून संपूर्ण मालिकेवर पश्चातबुद्धीचा शिक्का मारणे मला मान्य नाही. मी एका मराठी वृत्तवाहिनीत काही वर्षे आउटपुट डेस्कवर, म्हणजे पडद्यावर काय जाईल ते ठरवणाऱ्या विभागात होतो, त्यातली बहुतेक रात्रपाळीत गेली, आणि पहिल्या पर्वाच्या चौथ्या भागातला शेवटचा प्रसंग मला आजही स्वस्थपणे पाहवत नाही.

८ जानेवारी २०११ रोजी ॲरिझोनातील टूसॉन येथे खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर गोळीबार झाला. एनपीआर या अमेरिकी सार्वजनिक रेडिओने त्यांचा मृत्यू झाल्याची बातमी दिली, पाठोपाठ सीएनएन, फॉक्स आणि न्यूयॉर्क टाइम्सनेही ती दिली, आणि गिफर्ड्स मात्र जिवंत होत्या. मालिकेत हाच प्रसंग कंट्रोल रूममधून दिसतो. बाकीच्या वाहिन्यांच्या पडद्यांवर मृत्यूची बातमी झळकते आहे, वाहिनीच्या मालकिणीचा मुलगा आत येऊन प्रेक्षक निघून चालले म्हणून ओरडतो आहे, आणि तेव्हा डॉन कीफर, जो तोपर्यंत प्रेक्षकसंख्येचाच विचार करणारा निर्माता म्हणून आपल्याला ठाऊक असतो, तो सांगतो की ती एक व्यक्ती आहे आणि तिला मृत घोषित करण्याचे काम डॉक्टरचे आहे, बातमीचे नव्हे.

तुम्ही म्हणाल, लेखकाला त्या वाचल्याचे ठाऊक होते. होते, पण डॉनला ठाऊक नाही, आणि त्याचा युक्तिवाद गिफर्ड्स वाचतील की नाही यावर मुळीच अवलंबून नाही. त्या पाच मिनिटांनी गेल्या असत्या तरी त्याचे म्हणणे तितकेच खरे राहिले असते. घडून गेल्यावरचे शहाणपण आणि कामाची शिस्त यांत हाच फरक आहे.

हे इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण सांगतो. एका रात्री एक ज्येष्ठ रंगकर्मी अत्यवस्थ होते. त्यांच्यावरचे श्रद्धांजलीचे पॅकेज, म्हणजे दृश्ये आणि निवेदन जोडलेली तयार चित्रफीत, दोन दिवसांपूर्वीच कापून तयार ठेवले होते, कारण सगळीकडे तसे ठेवतात. साडेअकराच्या सुमारास समोरच्या एका वाहिनीवर ‘ब्रेकिंग’ची पट्टी आली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. बाहेरून बातम्या आणणाऱ्या इनपुटवाल्यांचा फोन लागत नव्हता आणि रुग्णालयाबाहेर आमचा कुणीच नव्हता. आम्ही पट्टी चालवली आणि पाठोपाठ पॅकेजही लावले. निर्णयाला किती वेळ लागला म्हणाल, तर पाणी पिण्याइतकाही नाही. पंधरा मिनिटांनी त्यांच्या मुलीचा फोन डेस्कवर आला आणि तो मी उचलला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की गावी माझी आजी टीव्हीसमोर बसली आहे, तिला आता मी काय सांगू. त्या रात्री कंट्रोल रूममध्ये एकही डॉन कीफर नव्हता, आणि तो मी असू शकलो असतो.

जुनी फाईल

रात्रपाळी यांचा अनुभव वाचून गलबलून आले आणि गिफर्ड्सच्या प्रसंगाबद्दल मी त्यांच्या बाजूने आहे. तरीही धागालेखकांचा मुद्दा मला अधिक खोल वाटतो, आणि त्याचा पुरावा लोक ज्याला मालिकेचा सर्वोत्तम भाग मानतात त्या दुसऱ्या पर्वातच आहे.

त्या पर्वात एसीएन ‘ऑपरेशन जेनोआ’ नावाची बातमी देते. अमेरिकी सैन्याने एका मोहिमेत सारिन हा विषारी वायू वापरला, असा तिचा आशय असतो. बातमी खोटी ठरते आणि वाहिनीची अब्रू जाते. याचे मूळ खऱ्या घटनेत आहे. ७ जून १९९८ रोजी सीएनएनने, ‘टाइम’ साप्ताहिकाच्या सहकार्याने, ‘ऑपरेशन टेलविंड’ची बातमी दिली. १९७० साली लाओसमध्ये अमेरिकी सैन्याने सारिन वापरल्याचा तीत दावा होता. जेमतेम महिनाभरात, २ जुलैला, ती मागे घ्यावी लागली. एप्रिल ऑलिव्हर आणि जॅक स्मिथ या दोन निर्मात्यांना काढून टाकण्यात आले.

आता दोन्हींतला फरक पाहा. सीएनएनने विधिज्ञ फ्लॉइड अब्राम्स यांच्याकडून चौकशी करून घेतली. मूळ दावा टिकणारा नाही, पण कुणीही जाणूनबुजून खोटे रचल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. निर्मात्यांचा आपल्या बातमीवर इतका गाढ विश्वास बसला होता की विरुद्ध जाणारी माहिती त्यांच्या हिशेबातच आली नाही. सॉर्किन यांनी मात्र वॉशिंग्टनहून आलेला जेरी डँटाना हा निर्माता उभा केला आणि त्याच्या हातून सरळ लबाडी करून घेतली. निवृत्त जनरल म्हणतो की ‘आम्ही सारिन वापरले असेल तर’, आणि जेरी चित्रफितीतून ते ‘असेल तर’ कापून टाकतो.

माझ्या मते मालिकेचे सर्वांत मोठे अपयश हेच आहे. प्रामाणिक, हुशार आणि अनुभवी माणसे मिळून चुकीच्या बातमीवर विश्वास ठेवतात ही गोष्ट जास्त भयंकर आहे, कारण ती कोणत्याही वृत्तकक्षात, अगदी आज रात्रीसुद्धा घडू शकते. लबाड माणूस सापडला की त्याला काढून टाकता येते आणि उरलेले सगळे पुन्हा स्वच्छ होतात. लेखकाने आपल्या लाडक्या पात्रांना वाचवण्यासाठी बाहेरून एक गुन्हेगार आणला. पहिल्या पर्वात त्यांच्या खिशात उत्तर ठेवले, दुसऱ्यात त्यांच्या अंगावरचा दोष काढून घेतला.

ओलावा

चर्चेत एक गोष्ट अद्याप आलेली नाही म्हणून थोडक्यात मांडते. मॅकेन्झी ही युद्धभूमीवरून वार्तांकन करून आलेली निर्माती आहे, असे आपल्याला पहिल्याच भागात सांगितले जाते. दुसऱ्याच भागात तिच्या हातून एक अत्यंत खासगी ईमेल चुकून संपूर्ण कंपनीला जाते. मॅगी या तरुण सहकारिणीच्या वाट्यालाही बराच काळ गोंधळ आणि रडारडच येते. पडद्यामागचे काम निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या खांद्यांवर उभे असलेले मी स्वतः पाहिले आहे. बातमी कशी द्यावी यावर विल, चार्ली आणि डॉन यांना लांबलचक संवाद मिळतात, तेव्हा त्या स्त्रियांना निदान आपले यंत्र नीट हाताळता येते एवढे तरी दाखवायला हवे होते. स्लोन सॅबिथ ही अर्थविषयक निवेदिका हा सुखद अपवाद आहे, पण तीही कॅमेऱ्यासमोरचीच.

रात्रपाळी

ओलावा यांचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे.

जुनी फाईल यांना मात्र आठवण करून द्यावीशी वाटते की जेनोआचा दोष एकट्या जेरीच्या माथी मारलेला नाही. एका सैनिकाची मुलाखत घेताना मॅकेन्झी स्वतः सूचक प्रश्न विचारते आणि आपल्याला हवे ते उत्तर त्याच्या तोंडी घालते. दुसऱ्या साक्षीदाराच्या मेंदूला इजा झालेली असते, आणि ती गोष्ट बातमी जाण्यापूर्वी डेस्कपर्यंत पोहोचत नाही. चार्लीकडे आलेला कागद बनावट निघतो, कारण तो देणाऱ्याला आपल्या मुलाच्या मृत्यूचा सूड घ्यायचा असतो. आणि ‘रेड टीम’ आपण विसरलात. बातमी मुद्दाम ज्यांच्यापासून लपवून ठेवली होती अशा जिम, डॉन आणि स्लोन यांना तिच्यात भोके पाडण्यासाठी बसवले जाते, आणि तीही शेवटी खात्री पटून उठतात. कामावरून काढल्यावर जेरी दावा लावतो, तेव्हा त्याचे म्हणणे हेच असते की चूक संपूर्ण संस्थेची आहे. जेरीची कात्री नसती तर बातमी बाहेर गेली नसती हे खरे, पण ती कात्री खपून जावी इतकी जमीन इतरांनी आधीच भुसभुशीत करून ठेवली होती.

पाणवठा

रेड टीमचा मुद्दा मान्य करतो, माझ्या मूळ मांडणीत तो यायला हवा होता. तरीही एका ठिकाणी मी अडून आहे. बातमी थांबवण्याचे धैर्य हा या मालिकेत नेहमी कुणा एका माणसाच्या स्वभावाचा भाग असतो. आपल्याकडे मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कारवाईचे थेट प्रक्षेपण तीन दिवस सुरू होते. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ते पाहून फोनवर सूचना देत होते, आणि कसाब खटल्याच्या २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांवर त्याबद्दल कठोर ताशेरे ओढले. त्या तीन दिवसांत आपल्या वृत्तकक्षांमध्ये विवेकी माणसे नव्हती, असे मी कधीच म्हणणार नाही. ती होती, पण शेजारची वाहिनी दाखवते आहे तोवर एकट्याने कॅमेरा वळवायचा कसा, हा पेच त्यांच्यापैकी कुणालाही एकट्याने सुटण्यासारखा नव्हता. अखेर २०१५ साली केबल वाहिन्यांच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना थेट प्रक्षेपणाला बंदी आली. एक चांगला माणूस ठाम उभा राहिला की भागते, असे सांगणारी मालिका या पेचापर्यंत पोहोचतच नाही. माझे दुःख ते आहे.

रात्रपाळी

हा मुद्दा मी खोडणार नाही. फक्त त्याला जोडून जेनोआमधलाच एक तपशील सांगतो, जो मला कोणत्याही भाषणापेक्षा महत्त्वाचा वाटतो. जनरलच्या मुलाखतीच्या वेळी मॅगीला खोलीबाहेर थांबावे लागलेले असते, म्हणून त्याने नेमके काय म्हटले याचा दुसरा साक्षीदारच नसतो. पुढे काटछाट उघडकीला येते तीही मागे चालू असलेल्या टीव्हीवरच्या बास्केटबॉल सामन्यातले घड्याळ मध्येच उडी मारते म्हणून. आमच्याकडे बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची छोटी प्रतिक्रिया, घ्यायला जाणारा तर बहुधा एकटाच असतो. कॅमेरा त्याचा, प्रश्न त्याचा आणि फुटेज पाठवणारा फोनही त्याचाच.

त्या रात्रीनंतर आम्ही एक नियम केला. रुग्णालयाचा अधिकारी किंवा घरचे माणूस स्वतः फोनवर आल्याशिवाय आणि डेस्कवरच्या दोघांनी ते ऐकल्याशिवाय श्रद्धांजलीचे पॅकेज रनडाऊनमध्ये, म्हणजे बातमीपत्राच्या क्रमयादीत टाकायचे नाही. मी तो हाताने लिहून एडिट बेच्या, म्हणजे संकलनाच्या खोलीच्या काचेवर चिकटवला. नोकरी सोडली तेव्हाही तो कागद तिथे होता. पण पुढे कपात झाली, रात्रपाळीत एकच माणूस उरला, आणि त्या दोघांतला दुसरा कुठून आणायचा हे त्या कागदावर लिहिलेले नव्हते.