मदत हवी आहे : द्वंद्वातल्या 'सेकंड'ला मराठीत काय म्हणावं?

विज्ञानकथा लिहितेय. मंगळावरची वसाहत, तिथे द्वंद्व कायदेशीर. कायद्याचा सांगाडा उरुग्वेवरून घेतलाय. तिथे १९२० ते १९९२ द्वंद्वाला खरंच कायद्याची मान्यता होती, फक्त आधी तिघांच्या मंडळाने अपमान तेवढा गंभीर आहे असं ठरवायला हवं. (पिस्तुलं बाद केलीत, घुमटाला भोक पडलं तर पंचाईत. तलवारीच.)

अडलंय ते नायिकेपाशी. ती स्वतः लढत नाही. लढणाऱ्याची 'सेकंड' आहे. म्हणजे आव्हानाची चिठ्ठी तीच नेणार, माफीवर मिटतंय का ते तीच बघणार. १७७७च्या आयरिश नियमांतही समेटाचा प्रयत्न आधी सेकंडांनीच करायचा होता. नाहीच मिटलं तर हत्यारं तपासणं, जागा ठरवणं हेही तिच्याकडेच.

'सेकंड' तसंच ठेवलं तर वाक्य असं होतं: 'सेकंडने दहा सेकंद वाट पाहिली.' 'साक्षीदार' नुसता बघतो. 'मध्यस्थ' कुणाच्याच बाजूचा नसतो, ही तर एका बाजूची. 'पाठीराखी' म्हटलं की राखी पौर्णिमा आठवते. पेशवाईतल्या अर्थाने (एका बाजूचा बोलणी करणारा प्रतिनिधी) 'वकील' अगदी चपखल, पण आजच्या वाचकाला काळा कोटच दिसणार.

संस्कृतातून घडवलेला जड शब्द नको, कारण तो संवादात पंचवीसेक वेळा येतो. स्त्री-पुरुष दोघांनाही चालायला हवा. बखरीत, पोवाड्यात किंवा कुस्तीच्या आखाड्यात अशा माणसाला एखादा रुळलेला शब्द आहे का? की 'वकील'च ठेवून पहिल्याच प्रसंगात त्याचा जुना अर्थ वाचकाच्या गळी उतरवू?